'बिल्ड', 'स्ट्रक्चर' आणि 'बांधणी' : ज्ञानेश्वरीतील प्रासादरूपकाच्या आधारे एका समीक्षासंज्ञेचा विचार

प्रस्तावना

मराठी साहित्याच्या अध्यापनात साहित्यकृतीच्या अंतर्गत व्यवस्थेविषयी बोलताना अनेक संज्ञा वापरल्या जातात. कादंबरीची 'संरचना', कवितेचा 'आकृतिबंध', कथेचा 'घाट', नाटकाची 'बांधणी' असे शब्दप्रयोग एकाच व्याख्यानात, एकाच उत्तरपत्रिकेत आणि अनेकदा एकाच परिच्छेदात आढळतात. या संज्ञा परस्परांचे पर्याय आहेत, असे गृहीत धरलेले असते. वस्तुतः त्यांच्यामागे निरनिराळ्या कल्पना उभ्या आहेत आणि त्यांतील बऱ्याचशा कल्पना इमारत बांधण्याच्या व्यवहारातून आलेल्या आहेत. इंग्रजीतील 'बिल्ड' हा रोजच्या वापरातील शब्द आणि 'स्ट्रक्चर' हा शास्त्रीय लेखनातील शब्द, हे दोन्ही बांधकामाचेच शब्द होत. परंतु त्यांची मुळे वेगळी आहेत. मराठीतील 'बांधणे' या क्रियापदाचे मूळ त्या दोहोंहून वेगळे आहे.

प्रस्तुत लेखात या तीन शब्दांचे अर्थ आणि उगम तपासून, अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीतील प्रासादाच्या रूपकाचा त्यांच्या संदर्भात विचार केला आहे. 'संरचना' ही संज्ञा स्वीकारताना मराठी समीक्षेने 'बांधणी' या शब्दातील कोणता आशय बाजूला ठेवला आणि तो परत मिळवणे का आवश्यक आहे, हा या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

'बिल्ड' : वसण्यातून आलेला शब्द

इंग्रजी 'बिल्ड' या क्रियापदाचे प्राचीन इंग्रजीतील रूप 'बिल्डन' असे होते. ते 'बोल्ड' या नामापासून तयार झाले. या 'बोल्ड'चा अर्थ घर किंवा निवासस्थान. आजच्या इंग्रजीतील 'धीट' या अर्थाच्या शब्दाशी त्याचा संबंध नाही. म्हणजे मूळ अर्थाने 'बिल्ड' म्हणजे राहण्याची जागा तयार करणे. या नामाच्या मुळाशी जो इंडो-युरोपीय धातू आहे त्याचा अर्थ 'असणे, वाढणे, वसणे' असा आहे. इंग्रजीतील 'बी' हे अस्तित्ववाचक क्रियापद त्याच धातूपासून निघाले आणि संस्कृतातील 'भू' हा धातूही त्याच कुळातला. 'भवति', 'भवन', 'भूमि' हे शब्द त्यातून आले. मूळ महाप्राण 'भ' संस्कृतात टिकला आणि जर्मानिक भाषांत त्याचा 'ब' झाला, हे ध्वनिपरिवर्तन नियमित आहे. त्यामुळे 'बिल्ड' आणि 'भवन' यांचे नाते केवळ उच्चारसाम्यावर आधारलेले नाही.

इंग्रजीत 'शेजारी' या अर्थाच्या 'नेबर' या शब्दाच्या उत्तरार्धातही हाच वसण्याचा अर्थ दडलेला आहे. नेबर म्हणजे जवळ वसणारा. जर्मन भाषेत 'बाउएन' म्हणजे बांधणे आणि 'बाउअर' म्हणजे शेतकरी, म्हणजे भूमी कसून तेथे राहणारा. मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाने १९५१ मध्ये डार्मस्टाट येथे दिलेल्या 'बांधणे, वसणे, विचार करणे' या व्याख्यानात याच शब्दसंबंधाचा आधार घेतला आहे. माणूस बांधतो म्हणून वसतो असे नसून, तो वसणारा आहे म्हणून बांधतो, असे त्याच्या विवेचनाचे सूत्र सांगता येईल.

अरबीतून फारसीच्या द्वारे मराठीत आलेल्या 'इमारत' या शब्दाचा विचार येथे उपयुक्त ठरतो. अहमद निजामशहाने १४९० मध्ये स्थापन केलेल्या आणि १६३६ पर्यंत टिकलेल्या निजामशाहीच्या काळात अशा अनेक शब्दांचा मराठी कारभाराशी निकटचा संबंध आला. 'इमारत' ज्या अरबी धातूपासून बनला, त्याचा अर्थ वसणे, जगणे, भरभराटीस आणणे असा आहे. वयाचा वाचक 'उमर' हा शब्दही त्याच धातूपासून निघालेला आहे. संस्कृत 'वास्तु' हा शब्द तर उघडच 'वस्' म्हणजे राहणे या धातूचा आहे. एकमेकींहून भिन्न असलेल्या या भाषांत घराचा शब्द जगण्याच्या आणि राहण्याच्या शब्दातून तयार व्हावा, ही बाब लक्षणीय आहे.

'स्ट्रक्चर' : थरांतून आलेला शब्द

'स्ट्रक्चर'चे मूळ लॅटिन 'स्ट्रुएरे' या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ एकावर एक रचणे, थर लावणे, मांडणे असा होतो. इंग्रजीतील 'कन्स्ट्रक्ट', 'इन्स्ट्रक्ट', 'ऑब्स्ट्रक्ट' आणि 'डिस्ट्रॉय' हे शब्द याच क्रियापदापासून आले. रचणे आणि उद्ध्वस्त करणे या दोन्ही क्रियांचे शब्द एकाच मुळातून यावेत, यावरून त्या मुळातील कल्पना स्पष्ट होते. सुटे घटक आहेत, ते विशिष्ट क्रमाने लावले की वस्तू उभी राहते आणि तो क्रम मोडला की वस्तू नाहीशी होते. येथे राहणाऱ्या माणसाचा निर्देश नाही. निर्देश आहे तो घटकांचा आणि त्यांच्या परस्परस्थानाचा.

विसाव्या शतकातील संरचनावादाला हीच कल्पना सोयीची वाटली. फर्दिनां द सोस्यूर याच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत भाषेसाठी प्रामुख्याने 'व्यवस्था' या अर्थाचा शब्द येतो. 'स्ट्रक्चर' ही संज्ञा पुढे प्राग येथील भाषाभ्यासकांनी आणि क्लोद लेव्ही-स्त्रोस याच्यासारख्या मानवशास्त्रज्ञांनी रूढ केली. लेव्ही-स्त्रोसचा 'संरचनात्मक मानवशास्त्र' हा ग्रंथ १९५८ चा. मिथकाचा, कथेचा किंवा कवितेचा अर्थ घटकांच्या परस्परसंबंधांतून निष्पन्न होतो, ही या विचाराची मोठी देणगी होय आणि तिचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. मात्र या मांडणीत निर्माता आणि वाचक हे दोघेही हळूहळू मागे सरकले.

मराठीत या संज्ञेसाठी 'संरचना' हा शब्द स्थिर झाला. 'रच्' या संस्कृत धातूचा अर्थ घडवणे, मांडणे, सजवणे असा असल्याने हा प्रतिशब्द सदोष म्हणता येणार नाही. अडचण पुढच्या टप्प्यावर निर्माण झाली. जाक देरिदा याच्या १९६७ मधील ग्रंथांनंतर जगभर पोचलेल्या 'डीकन्स्ट्रक्शन' या संज्ञेसाठी मराठीत 'विरचना' हा शब्द वापरण्यात आला. परंतु संस्कृत परंपरेत 'विरचित' म्हणजे 'रचलेले'. अमुक आचार्यांनी 'विरचित' स्तोत्र असे पोथीच्या शेवटी लिहिलेले असते, तेव्हा ते त्यांनी मोडले असा अर्थ कोणी करीत नाही. ज्या शब्दाचा परंपरागत अर्थ रचना असा आहे, तोच शब्द रचनेची उकल करण्यासाठी योजला गेला. इंग्रजी शब्दाच्या उपसर्गाला उपसर्ग जुळवण्याच्या भरात मराठी शब्दाचा इतिहास दुर्लक्षिला गेला, हे यावरून दिसते.

याच्या उलट मार्क्सवादी लेखनाचे उदाहरण घेता येईल. कार्ल मार्क्सने १८५९ मध्ये मांडलेल्या अर्थव्यवस्था आणि विचारव्यवस्था यांच्या संबंधासाठी मराठीत 'पाया आणि इमला' ही शब्दजोडी रूढ झाली. घर बांधणाऱ्या गवंड्यालाही ती कळते. परकी संकल्पना मराठीतील बांधकामाच्या शब्दांतून समर्थपणे मांडता येते, याचा हा पुरावा आहे.

'बांधणे' : गाठीतून आलेला शब्द

मराठीत घर 'बांधतात', धरण 'बांधतात', पूल 'बांधतात'. त्याच क्रियापदाने गाठोडे बांधले जाते, मुंडावळ्या बांधल्या जातात, जनावर दावणीला बांधले जाते आणि मनाशी खूणगाठही बांधली जाते. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) या क्रियापदाचे जखडण्याचे आणि इमारत उभारण्याचे असे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. मूळ संस्कृत धातू 'बंध्' हा आहे. इंग्रजी 'बाइंड' हा त्याचा सगोत्र शब्द. मूळ धातूत दोन महाप्राण व्यंजने होती; संस्कृतात एकापाठोपाठ येणाऱ्या दोन महाप्राणांपैकी पहिला अल्पप्राण होतो, या ग्रासमानच्या नियमानुसार 'भ'चा 'ब' झाला.

इंग्रजीने 'बिल्ड' आणि 'बाइंड' ही दोन क्रियापदे वेगळी ठेवली. मराठीने मात्र गाठ मारण्याच्या क्रियापदालाच घर उभारण्याचे काम दिले. या अर्थविकासामागे घरबांधणीची जुनी पद्धत असण्याचा संभव आहे. लाकडी मेढी रोवून, त्यांमध्ये काटक्या किंवा बांबू विणून, वर माती लिंपून तयार केलेल्या कुडाच्या घरात खांब, वासे आणि कूड शब्दशः दोरीने बांधावे लागतात. प्रवरेच्या काठी नेवासे येथे डेक्कन कॉलेजतर्फे १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकळिया यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. याच जिल्ह्यातील जोर्वे आणि दायमाबाद येथेही ताम्रपाषाणयुगीन वसाहती उजेडात आल्या. मातीच्या जमिनी आणि लाकडी खांबांच्या आधाराची घरे हे या संस्कृतीचे वैशिष्ट्य. जर्मन भाषेतील भिंतीचा वाचक 'वांड' हा शब्दही वळणे, विणणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. भिंत आधी विणली गेली आणि नंतर रचली गेली, हे शब्दांनी जपून ठेवले आहे.

व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हा आक्षेप येथे घेता येईल आणि तो रास्त आहे. शब्दाचा अर्थ त्याच्या प्रयोगावरून ठरतो. म्हणून प्रयोगच पाहिले पाहिजेत. 'पक्षबांधणी', 'मोर्चेबांधणी', 'संघटनेची बांधणी' या शब्दांत विटा नाहीत. माणसांना एकमेकांशी जोडण्याची क्रिया आहे. शरीराच्या ठेवणीला 'बांधा' म्हणतात आणि प्रमाणबद्ध शरीर 'बांधेसूद' ठरते; इंग्रजीत 'बिल्ड' हे नाम याच अर्थाने वापरले जाते, हे साम्य उल्लेखनीय आहे. दोन शेतांमधला 'बांध' वेगळे करतो आणि शेजारही निर्माण करतो. 'संबंध', 'ऋणानुबंध', 'बंधू' हे शब्द नात्याचे आहेत. साहित्यप्रकारांची नावेही याच धातूची आहेत : 'प्रबंध', 'निबंध'. शिवाय 'आकृतिबंध', 'रचनाबंध', 'शैलीबंध' या आधुनिक संज्ञा घडवताना मराठी समीक्षकांनी 'बंध' हे पद पुन्हा पुन्हा जोडले. जे संज्ञेत हवे होते, ते भाषेने अशा रीतीने सुचवले होते.

या कुळातील आणखी एक शब्द समीक्षेच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाचा आहे. तो म्हणजे 'बांधिलकी'. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी साहित्यविचारात एका बाजूला कलाकृतीच्या रूपाचा आणि दुसऱ्या बाजूला लेखकाच्या सामाजिक बांधिलकीचा आग्रह अशी विभागणी झाली. बा. सी. मर्ढेकर यांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथातील लयसिद्धांत पहिल्या भूमिकेचा आधार ठरला. दलित आणि ग्रामीण साहित्याच्या चळवळींनी दुसऱ्या भूमिकेला बळ दिले. हा वाद दीर्घकाळ चालला. परंतु ज्या भाषेत तो चालला, त्या भाषेत 'बांधणी' आणि 'बांधिलकी' हे दोन्ही शब्द एकाच क्रियापदाचे आहेत, या गोष्टीचा समीक्षेने पुरेसा उपयोग केला नाही. कृती कशी जोडली आहे आणि ती कोणाशी जोडली आहे, हे दोन प्रश्न मराठीत मुळात एकमेकांपासून दूर नाहीत.

नेवासे येथील प्रासाद

या दोन प्रश्नांचा एकत्रित विचार ज्ञानेश्वरीत आढळतो. हा ग्रंथ शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) नेवासे येथे पूर्ण झाला. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी तो सांगितला असे परंपरा मानते, तो 'पैसाचा खांब' तेथे आजही आहे. मूळ मंदिर राहिले नाही; खांब राहिला. दुर्गा भागवत यांनी 'पैस' (१९७०) या ललितनिबंधसंग्रहातील शीर्षकलेख या खांबावर लिहिला आणि त्या पुस्तकाला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मंदिराचा एक अवयव मराठी लेखनाचा विषय होण्याची ही आधुनिक घटना आहे. तेराव्या शतकात ज्ञानेश्वरांनी संपूर्ण मंदिरच ग्रंथविचाराचे साधन केले होते.

अठराव्या अध्यायाच्या आरंभी, नमन संपल्यावर, ज्ञानेश्वर गीतेला रत्नांच्या प्रासादाची उपमा देतात आणि ते रूपक बारकाव्यांसह चालवतात. व्यास हा कुशल 'सूत्री' म्हणजे स्थपती आहे. वेदरूपी रत्नपर्वतावरील उपनिषदांच्या पठारावर तो खाण काढतो. तेथून निघालेल्या धर्म, अर्थ आणि काम या त्रिवर्गाच्या चिपा आणि दगडगोटे तो फेकून देत नाही. त्यांचा भोवतीचा 'प्राकार' बांधतो आणि तो प्राकार म्हणजे महाभारत. आतील अखंड, स्वच्छ दगड आत्मज्ञानाचा. तो घडवून कृष्णार्जुनसंवादाची कलाकुसर केली जाते. निवृत्तीच्या सूत्राने मोजमाप होते. पंधरा अध्याय म्हणजे एकावर एक चढत गेलेल्या पंधरा 'भूमि'. सोळावा अध्याय 'ग्रीवाघंटा', सतरावा 'पडघाणी' म्हणजे कळसाची बैठक आणि अठरावा अध्याय कळस.

ही केवळ गौरवाची उपमा नाही. तिच्यातील शब्द शिल्पशास्त्राचे आहेत. 'भूमि' हा शिखराच्या थरांचा पारिभाषिक शब्द. अशा थरांच्या शिखरशैलीला 'भूमिज' म्हणतात आणि अकोले तालुक्यातील रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर त्या शैलीचे उदाहरण आहे. श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या स्थापत्यातून ज्ञानेश्वर ग्रंथाची व्यवस्था समजावून देत होते.

समीक्षेच्या दृष्टीने या रूपकातून तीन विधाने हाती लागतात. पहिले असे की, मुख्य ग्रंथ आणि त्याचा परिसर एकाच खाणीतून निघतात. गीता आणि महाभारत यांचा संबंध गाभा आणि तट असा आहे. तट गौण असला तरी परका नाही. आजच्या परिभाषेत संहिता आणि संदर्भ यांच्या नात्याचा हा विचार होय. दुसरे विधान शेवटाविषयीचे आहे. बांधकाम पूर्ण झाल्याचे कळसावरून उघड होते, काही लपून राहत नाही. त्याचप्रमाणे शेवटचा अध्याय पूर्वीच्या सर्व अध्यायांचे स्वरूप आपल्या अंगी दाखवतो. शेवट हा केवळ क्रमाने अखेरचा भाग नसून संपूर्ण कृतीचा अन्वयार्थ असतो, असे हे प्रतिपादन आहे. तिसरे विधान प्रवेशाविषयीचे आहे आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. प्रासाद बांधून झाल्यावर ज्ञानेश्वर लगेच तेथे येणाऱ्यांकडे वळतात. कोणी पठणाच्या रूपाने बाहेरून प्रदक्षिणा घालतात, कोणी श्रवणाच्या निमित्ताने त्याच्या सावलीत बसतात, कोणी अवधानाचा विडा घेऊन अर्थाच्या गाभाऱ्यात शिरतात. मोक्षाच्या बाबतीत मात्र तिघांची योग्यता सारखीच. श्रीमंताच्या पंक्तीत वरच्या आणि खालच्या पानांवर एकच पक्वान्न वाढले जाते, तसे हे आहे.

येथे 'स्ट्रक्चर' आणि 'बिल्ड' या दोन्ही शब्दांमागील कल्पना एकत्र येतात. पंधरा भूमींची चढती रचना ही थरांची कल्पना. प्रदक्षिणा, सावली आणि गाभारा ही वसण्याची कल्पना. ग्रंथाची व्यवस्था सांगून ज्ञानेश्वर थांबत नाहीत. त्या व्यवस्थेत कोणाला किती जागा आहे, हेही ते सांगतात.

प्रासादाकडून दोऱ्याकडे

यानंतर एक अर्थपूर्ण बदल होतो. प्रासादाचे रूपक संपवून ज्ञानेश्वर अध्याय आणि श्लोक यांच्या एकत्वाकडे वळतात, तेव्हा ते बांधकामाचे शब्द सोडून देतात. गंगा आणि यमुना यांचे ओघ वेगळे पण पाणी एक. अर्धनारीनटेश्वराचे आकार दोन पण देह एक. रत्ने अनेक पण त्यांतून गेलेला दोरा एक. सातशे श्लोक आणि अठरा अध्याय असले तरी बोलणे एकच, हा या उपमांचा निष्कर्ष.

प्रासादाच्या रूपकात भागांची उतरंड अटळ असते : पाया खाली, कळस वर. उतरंडीतून प्रत्येक भागाचे स्थान कळते, परंतु सर्व भागांतून वाहणारा एकच आशय कळत नाही. त्यासाठी ओवण्याची प्रतिमा आवश्यक ठरली. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस आपल्या कामाविषयी बोलतानाही ज्ञानेश्वर ओवीच्या 'प्रबंधा'त अक्षरे गुंफल्याचे सांगतात. युरोपीय परंपरेत रचण्याचा शब्द 'स्ट्रक्चर'कडे गेला आणि विणण्याच्या लॅटिन क्रियापदापासून 'टेक्स्ट' हा शब्द आला. तेथे या दोन कल्पनांसाठी दोन शब्द आहेत. मराठीत रचणे आणि गुंफणे यांना जोडणारा दुवा 'सूत्र' या शब्दात उपलब्ध आहे. स्थपतीची मोजमापाची दोरी म्हणजे सूत्र, माळेचा दोरा म्हणजे सूत्र, शास्त्रातील संक्षिप्त वचन म्हणजे सूत्र आणि नाटक चालवणारा तो सूत्रधार. 'बांधणे' या क्रियापदातही हाच दुहेरी अर्थ आहे. म्हणून 'बांधणी' ही संज्ञा थरांची रचना आणि एका दोऱ्याने साधलेली एकता या दोन्ही गोष्टी सांगू शकते. 'संरचना' ही संज्ञा प्रामुख्याने पहिलीच गोष्ट सांगते.

रूपकाची मर्यादा

या रूपकाचा गौरव करून थांबणे मात्र समीक्षेला परवडणारे नाही. मंदिर ही ज्या समाजात ग्रंथाची प्रतिमा होती, त्याच समाजात अनेकांना मंदिराचे दार बंद होते. ज्ञानेश्वरांच्या प्रासादात सावलीत बसणाऱ्यालाही पूर्ण फळ मिळते. प्रत्यक्ष देवळाच्या व्यवस्थेत मात्र कोणाला कोठवर येऊ द्यायचे, हे जातीवरून ठरत होते.

ज्ञानेश्वरांच्या प्रभावळीतील संत चोखामेळा यांचे चरित्र या संदर्भात टाळता येत नाही. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून त्यांचा मृत्यू झाला, असे परंपरा सांगते, शके १२६० (इ. स. १३३८) हा त्याचा काळ मानला जातो. त्यांची समाधी पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर, पायरीशी आहे. ज्याने तट बांधला तो तटाखाली गेला आणि गाभाऱ्याऐवजी त्याला दाराबाहेरची जागा मिळाली. महाभारताचा प्राकार बांधणारा व्यास ग्रंथात अमर झाला. गावकुसाचा प्राकार बांधणाऱ्या मजुरांपैकी चोखोबांचे नाव उरले ते त्यांच्या अभंगांमुळे. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला आणि पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. रूपकातील समान पंक्ती व्यवहारात येण्यास सहा शतकांहून अधिक काळ लोटला.

'बांधणे' या शब्दातच ही दुसरी बाजू आहे. जो धातू 'संबंध' देतो तोच 'बंधन' देतो. बांधणी जोडते आणि जखडतेही. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथासारख्या लेखनाने प्रस्थापित सौंदर्यविचाराला जे प्रश्न विचारले, ते या दृष्टीने बांधणीच्या विचाराबाहेरचे नाहीत. साहित्यकृतीचा डौल पाहताना तिच्या दाराशी कोण उभे आहे, हे पाहणे हा बांधणीच्या परीक्षणाचाच भाग ठरतो. 'संरचना' या शब्दातून हा प्रश्न आपोआप उद्भवत नाही. 'बांधणी'तून तो उद्भवतो.

निष्कर्ष

१. इंग्रजी 'बिल्ड'च्या मुळाशी वसण्याची, 'स्ट्रक्चर'च्या मुळाशी थर रचण्याची आणि मराठी 'बांधणे'च्या मुळाशी गाठ मारण्याची कल्पना आहे. हे तीन शब्द समीक्षेत एकमेकांचे पर्याय म्हणून वापरल्यास विचारात गोंधळ होतो.

२. 'संरचना' ही संज्ञा संरचनावादी पद्धतीच्या मर्यादित अर्थाने राखून ठेवावी. कृतीतील घटक, त्यांचा जोड, जोडणारा लेखक आणि प्रवेश करणारा वाचक या सर्वांचा एकत्र विचार करावयाचा असेल तेथे 'बांधणी' हीच संज्ञा अधिक समर्पक आहे. 'विरचना'सारख्या परंपरेच्या उलट अर्थाने योजलेल्या संज्ञांचा फेरविचार व्हावा.

३. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायातील प्रासादरूपक हे ग्रंथाच्या बांधणीचे मराठीतील समर्थ विवेचन आहे. संहिता आणि संदर्भ, शेवटाचे कार्य, भागांची उतरंड आणि आशयाची एकता, वाचकांचे प्रकार आणि त्यांची समानता हे मुद्दे त्यात आले आहेत. भक्तिपर वाचनाबरोबरच साहित्यविचाराच्या अभ्यासक्रमातही या भागाला स्थान मिळणे योग्य ठरेल.

४. 'बांधणी' आणि 'बांधिलकी' यांचे मूळ एक असल्याने रूपाचा आणि सामाजिक आशयाचा विचार परस्परविरोधी मानण्याचे कारण उरत नाही. कृती किती नेटकी बांधली आहे हे पाहताना ती कोणाला जोडते, कोणाला जखडते आणि कोणाला बाहेर ठेवते, हेही पाहावे लागते. नेवाशाचा प्रासाद आणि पंढरपूरची पायरी यांना एकत्र वाचल्याशिवाय तेराव्या आणि चौदाव्या शतकांतील मराठी वाङ्मयाची बांधणी पूर्णपणे कळणार नाही.